‘सर्वोत्कृष्ट सून’ कुणाच्या सोयीची?

दिवाळी जवळ आली की आमच्या मोर्शीत दोन गोष्टींची गडबड असते. एक, आंबिया बहाराच्या संत्र्यांचे सौदे. दुसरी, टीव्हीवरचा बक्षीस समारंभ. त्या संध्याकाळी दिवसभर संत्री निवडून आलेल्या बाया पोळ्या लवकर उरकतात, लेकरांना आधीच जेवू घालतात आणि ज्या घरी टीव्ही मोठा, तिथं जाऊन बसतात. मीही बसते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की ही बाई पुस्तकं वाचून टीव्हीला नावं ठेवते. तसं नाही. साड्या मीही बघते. कुणाला काय मिळणार यावर शेजारणीशी पैजही लावते.

समारंभ तुम्हाला माहीत आहे. झी मराठीच्या पुरस्कारांना ‘उत्सव नात्यांचा’ म्हणतात. स्टार प्रवाहनं २०२१ पासून स्वतःचे ‘परिवार पुरस्कार’ सुरू केले. ही चाल हिंदीतली. तिथं ‘स्टार परिवार अवॉर्ड्स’ २००३ साली सुरू झाले, तेव्हा ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ देशभर बघितली जात होती आणि आवडती बहू, आवडती सास अशी बक्षिसं वाटली जायची. (त्या मालिकेतली आदर्श बहू साकारणाऱ्या बाई पुढं २०१९ ते २०२४ केंद्रात महिला व बालविकास मंत्री होत्या. योगायोग म्हणून सोडून देऊ.) वाहिनी आपली, मालिका आपल्या, उमेदवार आपले, सूत्रसंचालक आपले आणि दाखवायचंही आपणच. सहा-सात मालिकांतून ‘सर्वोत्कृष्ट’ निवडायचं, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडतंच. आपल्याच घरचं हळदीकुंकू आणि आपणच वाण लुटायचं, असा हा प्रकार. त्याबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. दुकानदारानं आपल्या दुकानाला तोरण लावलं तर आपण कशाला रागवायचं?

माझं भांडण आहे ते बक्षिसांच्या नावांशी.

यादी डोळ्यांसमोर आणा. सर्वोत्कृष्ट नायक, नायिका, खलनायक, खलनायिका. इथवर ठीक. मग येतात सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट आई, सर्वोत्कृष्ट कुटुंब. एखादी अभिनेत्री दिवसाचे बारा-तेरा तास स्टुडिओत उभी राहते, ऐनवेळी हातात आलेली पानं पाठ करते, ताप असला तरी हळदीच्या प्रसंगात हसते. तिचं काम चांगलं झालं तर बक्षीस कशाचं द्यायचं? अभिनयाचं. पण व्यासपीठावरून पुकारा होतो तो सुनेचा. टाळ्या तिच्या अभिनयाला पडत नाहीत, त्या पात्रानं सासरी किती सोसलं त्याला पडतात. आणि ती बिचारी हातात चषक घेऊन सांगते की मी खऱ्या आयुष्यातही अशीच सून व्हायचा प्रयत्न करीन.

कुणी म्हणेल, वडिलांना आणि सासऱ्यांनाही बक्षीस असतं की. असतं. पण ते मिळायला त्या पात्राला काय करावं लागतं ते बघा. मालिकेतला चांगला सासरा कोण? जो सुनेच्या बाजूनं एकदा, एकदाच, दोन शब्द बोलतो. चांगला बाप कोण? जो मुलीला निरोप देताना रडतो. सुनेला मात्र तीनशे भाग सोसावं लागतं. तिच्यावर चोरीचा आळ येतो, तिला मध्यरात्री घराबाहेर काढतात, तिच्या दुधात कुणीतरी काहीतरी मिसळतं, आणि ती प्रत्येक वेळी दाराशी परत येऊन म्हणते की हे माझं घर आहे, ही माझी माणसं आहेत. मग खलनायिका कोण असते? तिला पैसा स्वतःच्या नावावर हवा असतो. ती रात्री उशिरा घरी येते. तिला एखादा माणूस आवडला तर ती ते बोलून दाखवते. केस मोकळे, ओठ लाल. जिला काही हवं आहे ती वाईट आणि जिला काहीच नको ती चांगली. यापलीकडे या दोन बक्षिसांत फरक असेल तर मला कुणी दाखवून द्यावा.

आता हे ‘फक्त टीव्हीवर’ असतं का, त्याबद्दल सांगते. यात माझीही चूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२३ च्या नवरात्रात आमच्या तालुक्यातल्या एका मंडळानं ‘आदर्श सून’ स्पर्धा ठेवली. टीव्हीवर बघूनच ठेवली होती. पाठीमागचा पडदा, गालिचा, लिफाफा उघडून नाव पुकारणं, सगळं तसंच. अशा स्पर्धा आता गावोगाव होतात. ‘होम मिनिस्टर’ २००४ साली सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडं बायकांच्या कार्यक्रमाला एक साचाच मिळाला: खेळ, उखाणा, पैठणी. (२०२२ साली तर ती पैठणी ११ लाखांची झाली.) मंडळाच्या बाया मला परीक्षक म्हणून बोलवायला आल्या. मी समुपदेशन केंद्रात काम करते, लोक ओळखतात. मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, दीडशे-दोनशे बाया जमतील, शेवटी पाच मिनिटं कायद्याची माहिती देता येईल. कार्यकर्त्यांची ही जुनी खोड आहे. गर्दी दिसली की आपण माईक मागतो आणि गर्दी कशासाठी जमली आहे ते विसरतो.

फेऱ्या होत्या रांगोळी, उखाणा, पाककृती आणि प्रश्नोत्तरं. प्रश्न मंडळानंच काढले होते. एक प्रश्न असा: तुमची आई आणि तुमची सासू एकाच दिवशी आजारी पडल्या, तर आधी कुणाकडे जाल? अकरा जणींना हाच प्रश्न विचारला. कुणी लाजून हसली, कुणी म्हणाली दोघींकडे. एक बाई, तिशीच्या आतबाहेरची, फिकट निळी साडी, माईक तोंडाजवळ धरून शांतपणे म्हणाली, “सासूबाईंकडे. आईजवळ माझी वहिनी आहे.”

मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. पहिल्या रांगेत तिची सासू बसली होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मी तिला दहापैकी नऊ गुण दिले.

का दिले? उत्तर हजरजबाबी होतं म्हणून. तिचा आवाज कापला नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सगळा मांडव टाळ्या वाजवत असताना कागदावर तीन लिहायचा धीर झाला नाही म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. एक ट्रॉफी, एक साडी, एक कुकर आणि एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर परीक्षक म्हणून माझी सही, पुढं माझी पदवी. एमएसडब्ल्यू. मग मी माझी पाच मिनिटं कायद्यावर बोलले. बाया तेव्हा उठून प्रसादाच्या रांगेत लागल्या होत्या.

पुढच्या जूनमध्ये ती केंद्रात आली. पहिला पाऊस पडून गेला होता, चपला हातात घेऊन दारात उभी होती. मी ओळखलं नाही. तिनंच ओळख दिली. डाव्या दंडावर काळंनिळं होतं, आणि जुन्या खुणाही होत्या, बऱ्याच जुन्या. मारहाण लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून होती. म्हणजे स्पर्धेच्या आधीपासून. ती स्टेजवर उभी होती त्या आठवड्यातही होती.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही आलीस? मी तर तिथंच होते, तुझ्यासमोर.

“अवॉर्ड भेटल्यावर कोन्या तोंडानं सांगू जी? लोक म्हनतीन, इचं नाटक हाय.”

नंतर दोन्ही घरची माणसं बोलावून बैठक घेतली. तिची सासू पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिनं काढली ती ट्रॉफी. टेबलावर ठेवली आणि मग प्रमाणपत्र उलगडून माझ्यापुढं सरकवलं. “मॅडम, तुमचीच सही हाय ना? तवा आदर्श होती, मंग आता काऊन नाई?” नवरा शेजारी बसून मान हलवत होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं. सोळा-सतरा वर्षं कुठल्याही सासूला, दिराला, वकिलाला उत्तर देत आले आहे, पण त्या दिवशी गप्प बसले.

मैत्रिणींनो, त्या ट्रॉफीनं काय केलं ते नीट पाहू या. तिनं मारहाण केली नाही. ती मारहाण ट्रॉफीच्या आधीही होती. ट्रॉफीनं एवढंच केलं की तिचं तोंड आठ महिने बंद ठेवलं, आणि तोंड उघडलं तेव्हा तिच्याविरुद्ध साक्ष दिली. सहन करणारीला चारचौघांत चांगली म्हटलं की तिनं पुढंही सहन केलंच पाहिजे. नाहीतर तिनं फसवलं. बक्षीस हे बक्षीस राहतच नाही, तो जामीन होतो. चांगलं वागण्याची हमी तिनं गावासमोर दिलेली असते आणि ती मोडली की गाव वसुलीला येतं. वाहिन्यांच्या झगमगाटात हे दिसत नाही, कारण तिथली सून समारंभ संपल्यावर साडी बदलते आणि अभिनेत्री होऊन आपल्या घरी जाते. आमच्या मांडवातली सून त्याच साडीत सासरी जाते.

हे एका बाईपुरतं असेल असं कुणाला वाटत असेल, तर सरकारचेच आकडे घ्या. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लोकांना विचारलं होतं की नवऱ्यानं बायकोला मारणं कधी योग्य ठरतं. सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, घराकडं-मुलांकडं दुर्लक्ष केलं, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, वगैरे. देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यातलं निदान एक कारण मान्य केलं. बायका पुरुषांच्या बरोबरीनं! आणि सातांत सर्वांत जास्त होकार कशाला मिळाला? सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, याला. स्वयंपाक बिघडला तर एकवेळ चालेल, संशय आला तर एकवेळ चालेल, पण सासूचा अनादर केला तर मार योग्य. याच पाहणीत लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी सांगितलं की नवऱ्याकडून त्यांनी कधी ना कधी हिंसा सोसली आहे. या दोन आकड्यांच्या मधोमध ‘सर्वोत्कृष्ट सून’ उभी आहे, आणि तिच्या हातात चषक आहे.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण तीही खरी आहे.

टीव्हीनं खेड्यातल्या बाईचं वाईटच केलं असं म्हणायला पुरावा नाही. उलटा पुरावा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी आपल्या देशातल्या पाच राज्यांत, त्यात आपला गोवाही होता, केबल टीव्ही आल्यावर काय बदललं ते तपासलं. त्यांचा अभ्यास २००९ साली छापून आला. जिथं केबल पोचली तिथं नवऱ्यानं मारणं योग्य म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बाईचा शब्द थोडा वाढला. आम्हा चळवळीतल्या बायकांना हे वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. आमच्या पथनाट्यांनी जे दहा वर्षांत साधलं नाही ते त्या रडक्या मालिकांनी केलं की काय? पण मला त्यातून दुसराच अर्थ लागतो. टीव्ही नुसती करमणूक आहे, तिचा काही परिणाम होत नाही, हे म्हणणं यापुढं चालायचं नाही. ज्याच्या हातात इतकी ताकद आहे त्याला विचारता येतं की ती तू कशासाठी वापरतोस.

आणि मालिकांतल्या बाया तरी सगळ्या सोसणाऱ्याच होत्या का? ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. त्यातली राधिका नागपूरकडची. तिची बोली ऐकून आमच्या गल्लीतल्या बाया पहिल्यांदा टीव्हीपुढं सरसावून बसल्या. “आपल्यासारखी बोलते व माय!” एरवी विदर्भाची बोली पडद्यावर नोकराच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी. इथं ती नायिकेच्या तोंडी होती. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली, तर राधिकानं मसाल्याचा धंदा उभा केला आणि पुढं दुसरं लग्नही केलं. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती २०१९ पासून २०२४ पर्यंत घरोघरी होती. पंचवीस वर्षांचा संसार झाल्यावर तिनं घटस्फोट घेतला, नोकरी-गाणं सुरू केलं, पुन्हा लग्न केलं. ‘अग्गंबाई सासूबाई’त तर सुनेनं सासूचं लग्न लावून दिलं. या गोष्टींवर आमच्या बचतगटात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याच शिबिरात झाली नाही. एकीनं मला विचारलं होतं, “ताई, अरुंधतीले पोटगी काऊन नाई मागितली?” असा प्रश्न कुणाच्या मनात उभा करणं सोपं नाही. लेखकांचं हे श्रेय मी मोकळ्या मनानं देते.

म्हणूनच तर समारंभाचा राग येतो. वर्षभर गोष्ट कुठं ना कुठं धडपडत पुढं जाते, आणि बक्षिसाच्या रात्री सगळ्यांना पुन्हा जुन्या खान्यांत बसवलं जातं. घटस्फोट घेतलेल्या बाईसाठी खाना कुठला? आईचा. धंदा उभा करणारीसाठी? सुनेचा, नाहीतर आईचा. जी कुणाचीच कुणी नाही तिच्यासाठी खानाच नाही. आमच्या अमरावती विभागात कापसाच्या कर्जापायी नवरे गेलेल्या किती बाया आहेत! त्या शेत करतात, मुलं शिकवतात, दिरानं सातबारावरून काढलेलं नाव परत चढवायला तलाठ्याकडं खेटे घालतात. नात्यांच्या उत्सवात त्यांचं नातं कोणतं? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून तो इतर गावांपुढं ठेवला. एका गावाला जे सुचलं ते एवढ्या मोठ्या वाहिन्यांना सुचू नये?

बायकांच्या वाट्याला आलेल्या गोष्टी तपासायला सुरुवात आपल्याच वऱ्हाडातून झाली होती, याची इथं आठवण करून देते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पतिव्रतेच्या कथा कुणी रचल्या, कुणासाठी रचल्या, आणि जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, हे त्यांनी रोकठोक विचारलं. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. त्यांच्यावर लोक तुटून पडले तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंना आज मोर्शीच्या मांडवात बसवलं असतं तर त्यांनी दहापैकी नऊ दिले नसते, एवढं मला कळतं.

“पण मतं बायकाच देतात ना,” असं एक उत्तर हमखास येतं. हो, देतात. मीही दिलं आहे. पण यादीत जे पर्याय छापलेत त्यांतच मत देता येतं. पाच सुनांतली सर्वोत्कृष्ट कोण हे बाईला विचारलं जातं. सुनेला बक्षीस असावं का, हे विचारलं जात नाही. आमच्याकडं लग्न ठरवतानाही असंच असतं. दोन मुलांचे फोटो समोर ठेवायचे आणि मुलीच्या पसंतीनं ठरलं म्हणून सांगायचं.

खरंच सुनेचा मान करायचा असेल, तर करायला जागा होत्या. २६ ऑक्टोबर २००६ रोजी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला, दिवाळी नुकतीच सरली होती. सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिला गेला. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बात्रा प्रकरणात सांगितलं की घर सासूच्या नावावर असेल तर सुनेला तिथं राहण्याचा हक्क मागता येणार नाही. आमच्या कामात चौदा वर्षं हा निकाल दगडासारखा आडवा येत होता. कुठल्याही घरात बघा, घर सासऱ्याच्या नाहीतर सासूच्याच नावावर असतं. १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी जिथं ती नवऱ्याबरोबर नांदली ते घर सामायिक ठरू शकतं. ‘हे माझं घर आहे’ हे वाक्य मालिकेतली सून रोज म्हणते. त्या वाक्याला कायद्याचा आधार मिळाला तेव्हा मात्र कुठल्याही वाहिनीनं गालिचा अंथरल्याचं मला आठवत नाही. एखाद्या मालिकेतल्या सुनेला मध्यरात्री बाहेर काढतात, तेव्हा ती तुळशीपाशी रडण्याऐवजी संरक्षण अधिकाऱ्याकडं गेल्याचं दाखवायला किती खर्च येतो? एक टेबल, एक खुर्ची, एक अर्ज.

बक्षीस कसं द्यावं याचं उदाहरणही आपल्याकडं आहे. १९९० च्या आगेमागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. बायकोच्या नावावर जमीन करून द्या, असं थेट शेतकऱ्यांना सांगितलं. ज्या गावात शंभर जणांनी ते केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव. संघटनेच्या राजकारणाशी माझे मतभेद आहेत, आणि ‘लक्ष्मी’ हा शब्दही मला खटकतो. पण त्या सन्मानात एक गोष्ट सरळ होती: मान मिळवायला देणाऱ्याला काहीतरी सोडावं लागत होतं. सातबारावर नाव चढत होतं. बाईनं किती सोसलं याचे गुण नव्हते.

वाहिन्यांना माझी मागणी फार मोठी नाही. अभिनेत्रीला अभिनयाचं बक्षीस द्या, सुनेचं नको. बारा तास राबणाऱ्या रंगभूषाकार बायांना, शिवणकाम करणाऱ्यांना, संवाद लिहिणाऱ्या बायांना त्या स्टेजवर बोलवा. ‘कुटुंबा’ला बक्षीस द्यायचंच असेल तर त्या कुटुंबातले पुरुष किती वेळ ओट्यापाशी उभे राहिले ते मोजा. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरकामाला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. तीही फक्त जे काही करतात त्या पुरुषांची सरासरी. वाचक मैत्रिणींनी वाहिन्यांना पत्रं लिहावीत. मालिकांतल्या आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारींसाठी २०११ पासून प्रसारकांचीच एक तक्रार परिषद आहे, तिथंही लिहावं. बक्षिसांची नावं त्यांच्या कक्षेत बसतात की नाही यावर ते वाद घालतील. घालू देत.

यंदाच्या नवरात्राआधी तेच मंडळ पुन्हा आलं. स्पर्धा यंदाही ठेवायची होती आणि परीक्षकही मीच हवी होते. मी म्हटलं येते, पण प्रश्न मी काढणार. तिथंच वहीच्या कागदावर चार प्रश्न लिहून दिले. घर किंवा शेत कुणाच्या नावावर आहे? मजुरीचे पैसे कुणाच्या हातात पडतात? मागच्या वर्षात माहेरी किती दिवस राहिलात, आणि कुणाला विचारून? घरात तुमच्यावर कुणी हात उचलला का? गुण सुनेला नाहीत, घराला.

अध्यक्षबाईंनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. म्हणाल्या, “असं इचारलं तं कोनालेच बक्षीस नाई भेटनार, ताई.” दोघी-तिघी हसल्या. एक हसली नाही. ती नंतर केंद्रात येऊन गेली.

स्पर्धा त्यांनी दुसऱ्या परीक्षकाला बोलावून घेतली. जुनी ट्रॉफी आमच्या केंद्रातल्या कपाटात, नोंदवह्यांच्या वर ठेवली आहे. बैठकीच्या दिवशी सासूनं ती टेबलावरच सोडली होती. फिकट निळ्या साडीतली ती बाई आता माहेरी राहते, कापूस वेचायला जाते. आईची देखभाल तीच करते. राहण्याच्या हक्काचा आणि पोटगीचा अर्ज दाखल केला आहे. कायदा म्हणतो पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आठ तारखा झाल्या. मी विचारलं, ट्रॉफी नेतेस का? ती म्हणाली, राहू द्या, त्याच्यावर धूळ बसते तेवढी बसू द्या. पुढची तारीख सोमवारची आहे.